मागची फळी

आक्काच्या हातात गावाची बोट आली ही बातमी मला आप्पांनी फोन करून सांगितली. आप्पा मला फोन करत नसत. मी बेळगावात, शहापूरच्या एका बोळातल्या छापखान्यात मजकूर जुळवायचं काम करतो. गाव निपाणीच्या पलीकडं, वेदगंगेच्या काठावर. महिन्यातून एकदा मी घरी जातो आणि मधल्या दिवसांत फोन करतो तो मीच. म्हणून पडद्यावर आप्पांचं नाव दिसलं तेव्हा मी घाबरून बोळात आलो. शेजारच्या घरात माग चालू होते. त्या खडखडाटात आप्पा ओरडून बोलत होते.

"आक्काला बोट दिली रं! इंजनाची! पंचायतीनं ठरावात लिवलंय."

"बरं झालं की."

"बरं काय म्हणतोस? आपल्या वस्तीतल्या पोरीच्या हातात गावाची बोट! ह्याच्यावर लिही कायतरी."

मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं ते इथं खरं सांगायचं आहे, कारण ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, मी लिहिलेल्या एकाही पत्रकावर आप्पा आनंदानं असे ओरडले नव्हते.

आमचं घर पत्रकांवर वाढलं. आप्पा निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होते. मोर्चात, सभेत, एसटी स्टँडवर जे पत्रक हाती येईल ते घडी घालून खिशात ठेवायचे आणि घरी एका पत्र्याच्या ट्रंकेत जमवायचे. मला अक्षरं त्या कागदांवरनंच शिकवली. इतर पोरं बाराखडी घोकत होती तेव्हा मी "आमच्या मागण्या मान्य करा" असं खड्या आवाजात वाचायचो, आणि आई विड्या वळता वळता हसायची. आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचं ह्या कागदांशी कधी जमलं नाही. ती नदीवर असायची. म्हशी धुवायला म्हणून जायची आणि पलीकडच्या काठावरनं हात हलवायची. आप्पांनी आमची वाटणी करून टाकली होती. "ह्यो लिवणारा आणि ती हिंडणारी," असं आल्यागेल्याला सांगायचे. लिहिणारा म्हणताना त्यांचा आवाज चढायचा, हिंडणारी म्हणताना उतरायचा. मी त्या चढउतारावर जगलो.

मी पंधरा वर्षांचा असताना पहिलं पत्रक लिहिलं, वस्तीतल्या पाण्याच्या टाकीबद्दल. आप्पांनी ते ट्रंकेत सगळ्यांच्या वर ठेवलं. मग दर वर्षी माझी पत्रकं वर येत गेली. बायकांच्या हक्कांवर मी दोन लिहिली. त्यांतलं एक वाक्य अजून पाठ आहे: "जिच्या हातात काम आहे तिच्या हातात अधिकारही असला पाहिजे." छापखान्यातल्या मालकालाही ते आवडलं होतं.

मग गेल्या वर्षीचा पूर आला. पाणी वस्तीत शिरलं तेव्हा गावात एकही नाव नव्हती. आक्का गुऱ्हाळावर गेली, गूळ आटवायची काहील चौघांकडनं ढकलून पाण्यात घातली, आणि बांबूनं रेटत म्हाताऱ्या माणसांना एकेक करून शाळेच्या इमारतीत पोचवलं. काहील म्हणजे भलीमोठी गोल कढई. तिला तोंड नाही, पाठ नाही. जरा कुणी हललं की ती जागच्या जागी फिरते. आक्कानं ती दिवसभर वल्हवली. मी तेव्हा बेळगावात होतो. रात्री जागून प्रशासनाच्या हलगर्जीपणावर पत्रक लिहीत होतो. ते चांगलं झालं होतं, असं मला अजून वाटतं.

ह्या वर्षी तालुक्याहून गावाला फायबरची बोट आली, मागं इंजन बसवलेली. चालवायचं शिकायला कुणाला पाठवायचं हा प्रश्न आला. चेअरमननी, म्हणजे गावच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी, आपल्या पुतण्याचं नाव सुचवलं. पण काहिलीतनं उतरलेल्या म्हाताऱ्या बायका पंचायतीच्या दारात जाऊन बसल्या. आक्का आठ दिवस धरणावर शिकून आली आणि ठराव झाला: एका पावसाळ्यापुरती बोट हिच्याकडं, काही चूक झाली तर पुतण्याकडं. घरी सगळ्यांना ते तोंडपाठ होतं. काही चूक झाली तर.

मी त्या महिन्यात गावी गेलो. घरात शिरल्या शिरल्या पहिली दिसली ती ट्रंक. तिच्यावर आक्काचं बोटीवरचं, पाण्यात तरंगायचं नारिंगी जॅकेट वाळत घातलं होतं, आणि त्यातनं ठिबकलेल्या पाण्यानं झाकणावर गंजाचे डाग पडले होते. मी जॅकेट उचलून दांडीवर टाकलं. आप्पांनी ते पुन्हा ट्रंकेवर आणून ठेवलं. "उन्हात न्हाय टाकायचं ते. आक्का म्हणत्या, उन्हानं आतला फोम जातो."

"आक्का म्हणत्या" हे मी त्या दोन दिवसांत किती वेळा ऐकलं! इंजनात पेट्रोलबरोबर तेल घालावं लागतं, आक्का म्हणत्या. दोरी कधी पायात ठेवायची नाही, आक्का म्हणत्या. आईनं भाकरीचा गरम पापुद्रा तिच्या ताटात टाकला, जो लहानपणापासून माझा होता. आणि आक्का? ती काही फुशारली बिशारली नव्हती. फुशारली असती तर बरं झालं असतं, मला तिच्यावर लिहिता आलं असतं. ती जेवली, शिट्टी गळ्यातनं काढून खुंटीला लावली आणि मला म्हणाली, "काय रं, वाळलास लई. बेळगावात जेवत न्हाईस काय?"

मी वही काढली. बोटीच्या सुरक्षेवर पत्रक काढायचं आहे, तुझी माहिती दे, म्हणालो. खरं तर तिला जे येत होतं ते मला माझ्या वहीत पाहिजे होतं.

तिनं मला परसात नेलं. हौदात परात सोडली, परातीत एका कडेला वरवंटा ठेवला. ती कड पाण्याला टेकायला एक बोट उरली.

"ही मागची बाजू. हितं इंजन, एका माणसाएवढं जड. हितंच मी बसणार. आणि हितंच सगळी येऊन बसत्यात. आता बघ." तिनं परात पुढं ढकलली. परात मजेत चालली. मग तिनं पुढच्या कडेला बोट लावून ती एकदम थांबवली. मागनं येणारी लाट, परातीनंच उठवलेली, जड कडेवरनं आत शिरली आणि वरवंट्यासकट परात तळाला गेली.

"चालत असते तवर काय होत न्हाय," आक्का म्हणाली. "थांबली की तिचीच लाट तिच्यावर येत्या. शिकवणारा सारखं ओरडायचा, हिंदे भार हाकबेडी, हिंदे भार हाकबेडी. मागं वजन टाकू नगा. म्हणून थांबताना हळूहळू थांबायचं आणि माणसं मधी बसवायची."

"मग अडचण काय?"

"अडचण मागची फळी."

ती मला माहीत होती. आमच्याकडं पूर्वी लाकडी नाव होती तेव्हा मागची फळी मानाची. पुढं पाणी उडतं, वल्ही मारणारे घामाघूम होऊन बसतात, मागं कोरडं. पाटील मागं, चेअरमन मागं, लग्नातला नवरदेव मागं. वल्ह्याच्या नावेत त्यानं काही बिघडत नव्हतं. नाव गेली, इंजनाची बोट आली, पण मान तिथंच बसून राहिला. आमच्या वस्तीतलं कुणी त्या फळीवर बसल्याचं आप्पांना आठवत नव्हतं.

"तू सांग की त्यांना. हँडल तुझ्याकडं हाय."

"सांगत्या. बाकीच्यांना सांगत्या. चेअरमनला 'उठा तिथनं' कोण म्हणणार? तू?"

मी म्हणालो, मी लिहितो. आणि लिहिलं. दोन्ही बाजूंनी छापलेलं पत्रक, पुराच्या राजकारणावर दीड पान, आणि शेवटी सूचना. सहावी सूचना होती, बोटीत मागील बाजूस गर्दी करू नये. त्याखाली "अनुभवी जाणकारांच्या माहितीवरून" असं घातलं. आक्काचा उल्लेख केला नाही. जागा नव्हती असं मी स्वतःला सांगितलं. माझं नाव मात्र ठळक अक्षरांत बसलं.

पाणी चढलं आणि पंधरा दिवसांनी उतरणीला लागलं. पूर ओसरताना पाच सवाष्णींनी पात्राच्या मधोमध जाऊन नदीची ओटी भरायची, अशी गावची रीत आहे. ह्या ओटीवरही मी लिहिलं होतं. गेल्या वर्षी काहिलीतनं वाचलेल्या बायकांत निम्म्या विधवा, त्यांना ओटीच्या बोटीत जागा नाही, हा कुठला न्याय? आक्काला मी म्हणालो, तू नाही म्हण. ती म्हणाली, "मी ओटी भरत न्हाय. बोट चालवत्या. मी न्हाय म्हटलं तर पुतण्या नेणार आणि पाचजणींना बुडवून आणणार."

त्या दिवशी रविवार होता. काठावर सगळा गाव जमला होता. पाण्याची ओढ कमी झाली होती, पण पात्र अजून उसाच्या फडांपर्यंत पसरलेलं. बोटीवर पत्रा ठोकलेला: माणसं आठ. पाच बायका, चेअरमन आणि आक्का, असे सात झाले. चेअरमन आपलं जॅकेट बुडाखाली घेऊन मागच्या फळीवर टेकले. मग त्यांनी काठावर नजर फिरवली आणि हाक मारली.

"आप्पा! या की. पोरगी तुमची, मान बी तुमचा. या, माझ्याशेजारी बसा."

आप्पांनी आयुष्यभर मानपानाविरुद्धची पत्रकं जमवली होती. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी सदऱ्याची बटणं नीट केली, चप्पल काठावर काढली आणि जाऊन बसले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. बक्षीस घ्यायला बोलावलेल्या पोरासारखा. आणि हे आक्कानं मिळवून दिलं होतं. दहा वर्षं मी लिहीत होतो, त्यातल्या एका ओळीनंही आप्पांना त्या फळीवर नेलं नव्हतं. ती फळी मोडून टाकावी असं माझं म्हणणं होतं. पण आप्पा तिच्यावर बसल्यावर मलाही तिथंच बसायचं होतं. आप्पा आणि चेअरमन ह्यांच्या मधे बोटभर जागा दिसत होती. मी गुडघाभर पाण्यातनं गेलो आणि तिथं घुसलो.

"उतर," आक्का म्हणाली. तिचा हात हँडलवर, माझ्या कानाशी. "आठ झाल्यात. आणि बसायचंच तर फुडं जा."

"आप्पा बसल्यात. मी का न्हाय?"

"उतर म्हणत्या न्हवं?"

चेअरमन हसले. "असू दे गं. त्याचं वजन ते किती? पत्रकाएवढं!" बायका हसल्या. आप्पाही हसले. "बसू दे आक्का. घरचाच हाय."

तिनं आप्पांकडं पाहिलं, मग मागच्या कडेकडं. इंजन बसवायला तिथं खाच असते, आणि ती खाच पाण्यापासून वीतभरही वर नव्हती. मला सगळं माहीत होतं. परात माहीत होती, वरवंटा माहीत होता, सहावी सूचना माझ्याच हातची होती. सूचना छापलेले कागद तर त्या वेळी माझ्या पिशवीत होते, काठावर वाटायला आणलेले. मी फळीची कड धरून बसून राहिलो. काही चूक झाली तर, हे शब्द माझ्या मनात आले. ते भीतीनं आले की इच्छेनं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

तिनं दोरी ओढली. इंजन लागलं. बोटीचं तोंड वर उचललं आणि आम्ही मागं खाली बसलो. आप्पा काठाकडं बघून हात हलवत होते.

पात्राच्या मधे आल्यावर आक्का वेग हळूहळू कमी करू लागली. तेवढ्यात चेअरमननी हात वर केला. "थांबव, थांबव! हितंच!" आणि सवाष्णींकडं ताट सरकवायला ते एकदम उठले, तोल जाऊन मागं आदळले. बोट मागं कलली. आक्का "बसा!" म्हणून ओरडली. मी मागं वळून पाहिलं. आमचीच लाट येत होती. मोठी नव्हती, हौदातल्यासारखीच, सावकाश. ती खाचेतनं आत आली, आणि आलेल्या पाण्याच्या वजनानं पुढची लाट आणखी सोपी झाली. तिसऱ्या लाटेला इंजन घशात काहीतरी अडकल्यासारखं करून बंद पडलं. पाणी माझ्या मांड्यांना लागलं.

"फुडं! सगळी फुडं! वाकून, उभं ऱ्हायचं न्हाय!"

आम्ही कुणीच हललो नाही. चेअरमननी इंजनालाच मिठी मारली होती. आक्कानं पहिलं आप्पांच्या सदऱ्याला मागनं धरलं आणि त्यांना पोत्यासारखं पुढं ढकललं. मग मला. मानेवर बसलेला तिचा हात मला आठवतो. मग तिनं चेअरमनची बोटं एकेक सोडवली. "बायांनो, उपसा! ताट घ्या, कळशी घ्या!" पाचही जणींनी नारळ, खण, हळदीकुंकू पाण्यात सांडून दिलं आणि ताटांनी पाणी उपसायला लागल्या. नदीची ओटी भरली गेली ती अशी. आक्का मागं एकटी, वल्हं घेऊन, बोटीचं तोंड प्रवाहाकडं धरून बसली. वजन पुढं गेल्यावर मागची कड हळूहळू पाण्याबाहेर आली. आम्ही वाहत वाहत खालच्या उसात जाऊन अडकलो. माणसं दोर घेऊन आली.

काठावर आप्पा थंडीनं थरथरत होते. मी त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला. ते आक्काचा हात धरून होते आणि मी टॉवेल टाकल्याचं त्यांना कळलंही नाही. तेव्हासुद्धा, सगळे जिवंत आहेत हे दिसत असतानासुद्धा, त्यांनी धरलेला हात माझा नाही, तिचा आहे, हे मी मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचायतीच्या कट्ट्यावर बैठक बसली. इंजन दुरुस्तीला निपाणीला गेलं होतं. चेअरमन म्हणाले, मी काही आरोप करत नाही, पण इंजन बंद पडलं हे खरं आहे. पुतण्या भिंतीला टेकून म्हणाला, "मोटारसायकल चालवायला येईना अन् बोट दिली हातात. दुसरं काय हुणार?"

मी तयारी करून गेलो होतो. चार पानं लिहिली होती. बाईच्या हातातल्या अधिकारावर, जातीच्या मानपानावर, मागच्या फळीच्या इतिहासावर. सगळं खरं होतं. मी उभा राहिलो आणि सुरुवात केली. "आज प्रश्न एका बोटीचा नाही..."

"कागद ठेव खाली," आक्का म्हणाली.

मी पानं खाली ठेवली.

"काल तू कुठं बसलतास?"

"मागच्या फळीवर."

"कितवा हुतास?"

"नववा."

"मी तुला काय म्हटलतं?"

"उतर म्हटलतीस."

"मग का उतरला न्हाईस?"

चार पानांत ह्याचं उत्तर नव्हतं. सगळे माझ्याकडं बघत होते. "आप्पा तिथं बसलतं म्हणून," मी म्हणालो. "तुझ्यामुळं बसलतं म्हणून."

कुणीतरी फिसकन हसलं. आक्का उठून उभी राहिली. "तरी चूक माझीच. मी त्याला उतरवल्याबिगर दोरी वढाय नको हुती. आणि चेअरमन, तुम्हाला बी. फुडच्या बारीला मी कुणाला बसवणार न्हाय तिथं. तुम्ही बसला तर मी इंजन लावणार न्हाय. ते पटत न्हाय तर आत्ता पुतण्याला द्या."

चूकसुद्धा तिनं माझ्याहून चांगली घेतली.

चेअरमन आप्पांकडं बघत राहिले. आप्पा सावकाश म्हणाले, "तुम्ही आणि मी बी तिथंच हुतो की. तिनं माझी गचांडी धरली. लहानपणी माझी आई धरायची, त्यानंतर पहिल्यांदा." पाचही सवाष्णी कट्ट्याच्या खाली उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागं काहिलीतल्या म्हाताऱ्या. चेअरमननी पुतण्याकडं पाहिलं नाही. "इंजन येऊ दे दुरुस्त होऊन," ते म्हणाले, "लाव तूच."

आक्काला फळी करवतीनं कापायची होती. सरकारी वस्तू आहे म्हणून पंचायतीनं नको म्हटलं. मग ती रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन माझ्याकडं आली.

"लिव. तुझं अक्षर बरं हाय."

"काय लिहू? मागील बाजूस भार वाढल्यास..."

"हितं बसू नये. एवढंच. खाली कन्नडमधी."

मी मराठीत लिहिलं, खाली "इल्ली कूडबेडी" लिहिलं. रंग वाळेपर्यंत ती शेजारी उकिडवी बसली होती. "नाव घाल की तुझं," ती म्हणाली. "पत्रकावर घालतोस तसं ठळक." मी तिच्याकडं पाहिलं. ती हसत होती की टोचत होती ते कळलं नाही. मी नाव घातलं नाही.

पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा बोट पलीकडच्या मळ्यातल्या बायकांना आणायला निघाली होती. माणसं चढताना फळीपाशी थांबत, वाचत, आणि पुढं जाऊन बसत. माझं लिहिलेलं लोक वाचतात आणि तसं वागतात, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. शब्द तिचे होते. आप्पा मधल्या फळीवर बसले होते, सगळ्यांचं तोंड पुढं, त्यांचं मात्र मागं, आक्काकडं.

मी काठाशी आलो. आक्कानं माणसं मोजली, मला बघितलं आणि हनुवटीनं पत्र्याकडं खूण केली. आठ झाले होते.

"फुडच्या फेरीला ये," ती म्हणाली.

मला राग आला. मग मी चप्पल काढली, काठावर बसलो, आणि ती परत यायची वाट बघत राहिलो.